आईच्या उशाशी लागलेली झोप

नर्सिंगचं शिक्षण संपवून मी नोकरीसाठी सुरतेला निघाले, तेव्हा आई, दादा आणि नवी नवरी असलेली वहिनी तलासरीच्या नाक्यापर्यंत आले होते. बस हलली तशी आई खिडकीला धरून चार पावलं चालली. "बाय, पोटाला खात जा," एवढंच म्हणाली. वहिनीच जास्त रडली.

इथे पेशंट मला 'बेन' म्हणतात. महिन्यातले निम्मे दिवस नाइट ड्यूटी असते. सकाळी रूमवर येऊन खिडकीला चादर लावते, पण डोळा लागत नाही. लागलाच, तर शेजारच्या कुकरची शिटी ऐकून मॉनिटर वाजल्यासारखी दचकून उठते. गावी भात झोडायच्या दिवसांत मी खळ्यावर, माणसांच्या गलक्यात, पेंढ्यावर झोपून जायची.

तीन वर्षांपूर्वी आईच्या किडन्या निकामी झाल्या. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. सलग पाच नाइट करून मी दुपारी पाड्यावर पोचले. नाडी पाहिली, तिचे ओठ ओले केले. वहिनीला म्हटलं, "श्वास बदलला तर लगेच उठव." आणि खाटेशेजारी जमिनीवर आडवी झाले.

जाग आली ती बायकांच्या रडण्याने. ऊन उतरलं होतं. वॉर्डात कोणाची सलाईन संपत आली तर मला न बघता कळतं. हातभर अंतरावर आई गेली, ते कळलं नाही. सगळ्यांसमोर मी वहिनीला विचारलं, "का नाही उठवलंस? मग मी आले कशाला?"

बाराव्याला दादाने सांगितलं. वहिनी मला उठवायला वाकली, तेव्हा आईने तिचं मनगट धरलं होतं. "झोपू दे तिला. किती दिवसांची जागी आहे." ते मनगट तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

मी वहिनीची माफी मागितली. "असू दे," ती म्हणाली.

आता सुट्टीला गेले की ती माझी चटई घालते, पोरांना बाहेर पिटाळते, कोंबड्यासुद्धा हाकलते आणि दार ओढून घेते. तिला वाटतं, इथे तरी हिला झोप मिळते. त्या घरात तर मला मुळीच झोप येत नाही. पण ती हळूच दार लोटून बघते, तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घेते, श्वास संथ ठेवते. ती समाधानाने परत जाते. तिच्यासाठी असं न झोपता पडून राहणं, माझं घर आता एवढंच आहे.