मागचं दार

अंबडच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे ते गृहस्थ दर रविवारी मला घेऊन गाड्यांच्या शोरूममध्ये जायचे. सेल्समन मायलेज सांगू लागला की ते खिशातून टेप काढून मागचं दार किती उघडतं ते मोजायचे. अपघातानंतर त्यांच्या पत्नीचा गुडघा वाकत नव्हता आणि वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. शहरातल्या सगळ्या सेडान मोजून झाल्या, तरी ते म्हणायचे, "नवीन मॉडेल येऊ द्या. त्याचं दार मोठं आहे म्हणतात."

मॉडेल यायच्या आधी नामपूरहून फोन आला. वहिनींची आई अत्यवस्थ होती. मी माझी गाडी त्यांच्या दारात नेली. ती त्यांनी केव्हाच नापास केली होती. वहिनी पाठमोऱ्या होऊन सीटवर टेकल्या आणि पाय ताठ ठेवून, दात आवळत आत सरकल्या. ते नुसते दार धरून उभे होते.

आईची भेट झाली. पण मला आठवतो तो सटाण्याच्या अलीकडचा खराब रस्ता. त्यांनी मागे वळून विचारलं, "फार दुखतंय का? जरा थांबू या?"

"दुखतंय," वहिनी म्हणाल्या, "पण आता थांबायचं नाही."