बोललेला नारळ

कॉलेजच्या सहलीला निघण्याआधी मी वाळवंटातल्या त्या राष्ट्रीय उद्यानाचे फोटो घरी मोबाइलवर दाखवले. उघड्या वाळूत उभे असलेले खडक, खालून बारीक आणि वर जड डोक्याचे. आईनं हात जोडले. आमच्या शिवारात वेगळा दगड दिसला की त्याला शेंदूर लागतो. तिला ते देवच वाटले.

माझे वडील, अप्पा, गावाजवळच्या खडी क्रशरवर कामाला. वर्षभर त्यांना धाप लागत होती, पण नांदेडच्या दवाखान्यात यायला ते तयार नव्हते. आईनं फोटोतल्या एका खडकाला त्यांच्यासाठी नारळ बोलला, तेव्हा कुठं ते म्हणाले, नारळ फुटला की येतो. मी भूगर्भशास्त्र शिकते, तरी गप्प राहिले. सहलीहून परतताच सोमवारी त्यांना न्यायचं ठरवलं आणि नारळ बॅगेत घातला.

उद्यानात सरांनी सांगितलं की वाऱ्याबरोबर वाळू जमिनीलगत उडते, म्हणून खडक खालून जास्त झिजतो; मान फार बारीक झाली की डोकं पडतं. मी ते लिहून घेतलं. मला अप्पांची छाती आठवत होती. सगळे पुढं गेल्यावर मी नारळ काढला, तर वनरक्षक धावत आला. इथं काही फोडायचं नाही, खडकाला हातही लावायचा नाही, असं त्यानं हिंदीत बजावलं. वर्गातला एक जण मागं वळून म्हणाला, "पुजारीणबाई, प्रसाद तरी वाटा." बाकीचे हसले.

आईला फोडला असं सांगावं, हे मी बसमध्ये ठरवत होते. पण फोन अप्पांनीच उचलला.

"फोडलास व्हय, बाई?"

"न्हाई, अप्पा. फोडू दिला न्हाई. आन् तो देव बी न्हाई. वाळूनं झिजलेला दगड हाय."

त्यांना खोकल्याची उबळ आली. मी भीतभीत म्हणाले की आल्यावर आपल्या म्हसोबापुढं फोडू.

"एकाला बोललेला दुसऱ्याला चालतो व्हय? ऱ्हाऊ दे. तू नीट ये."

सोमवारी सकाळी हिंगोलीला उतरून मी तशीच गावी, शिरड शहापूरला आले. नांदेडची गाडी अजून मिळाली असती. अप्पा क्रशरवर गेले होते. त्यांच्यासाठी बाजेवर काढून ठेवलेला धुतलेला सदरा आई घडी घालून परत पेटीत ठेवत होती.