दुर्पता चिखलात उतरली नाही

संवत छप्पनच्या दुष्काळात दुर्पता छत्तीसगडातून केशोरीकडं आली. गावचा मालगुजार म्हणाला, "बोडी खोदा, तळ्याच्या पाळीखाली झोपड्या बांधा." उन्हाळाभर तिनं माती वाहिली. बोडी भरली आणि दवंडी पिटली: भाताची रोवणी झाली की परमुलखातल्यांनी गाव सोडावं, सरकारचा हुकूम आहे. माती वाहताना हा हुकूम कुठं झोपला होता?

दुर्पतानं पऱ्हे उपटून घेतले आणि सगळ्या बाया बांधावर बसवल्या. "आधी कायमची जागा, मग रोवणी." उपटलेल्या रोपांच्या जुड्या उन्हात पिवळ्या पडू लागल्या. मालगुजार नरमलाच होता. तेवढ्यात श्यामलाल घरच्या बाया घेऊन चिखलात उतरला. मागच्या दुष्काळात आलेला तिच्याच मुलखातला माणूस. ती त्याला ममा, म्हणजे मामा, म्हणायची.

"ममा, तू बी उपाशीच आला होतास ना?"

"म्हणूनच त उतरून राहिलो. तुमच्या पायी मलेबी हाकलतील."

"हाकलू दे! सोबत जाऊ."

तो वाकून रोवतच राहिला. मालगुजाराला मग बांधावरच्या बायांची गरज उरली नाही. संध्याकाळी झोपड्या मोडल्या. मालगुजाराचं मला नवल वाटत नाही. पण दुर्पताच्या झोपडीचे बांबू श्यामलालनं ओढले, अन् आपल्या घरी नेले.