अडकलेला काटा

सव्वीस वर्षं एका दाराबाहेर बसूनही कंपाउंडरला डॉक्टरबाईंबद्दल फारसं काही माहीत नव्हतं. त्या चहा बिनसाखरेचा घेत आणि लहान मुलांशी 'अहो-जाहो' बोलत. आणखी विचारलं असतं, तर त्याला डोकं खाजवावं लागलं असतं.

एक गोष्ट मात्र त्याला कायम खुपायची. आतला वजनकाटा. तो नेमका मोठ्या मुलांच्या वेळी अडकायचा. मग बाई आईला म्हणायच्या, "काटा अडकलाय. बाहेर कंपाउंडरकडून मागची वजनं लिहून आणता का?" जुन्या वह्या चाळण्यात दहा मिनिटं सहज जात. एवढा नावाजलेला दवाखाना आणि धड काटा नाही, याची त्याला लाज वाटे.

शेवटी एका रविवारी त्यानेच काटा दुरुस्तीला नेला. कारागीर म्हणाला, "याला काहीच झालेलं नाही." तरी त्याने तेल घालून घेतलं. सोमवारी आल्यागेल्याला सांगितलं, "काटा आता एकदम ठणठणीत!"

त्याच सकाळी एक आई अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. महिन्यात तिसऱ्यांदा पोटदुखी, तीन आठवडे शाळा बंद. मुलगी तोंड उघडेना, सगळी उत्तरं आईच देई. थोड्या वेळाने आतून आईचा आवाज आला, "अडकला कसा? कंपाउंडर तर म्हणाले ठणठणीत आहे!"

डॉक्टरबाई दाराशी आल्या.

"काटा दुरुस्त केलात?"

"हो बाई. कधीचं मनात होतं."

"तिच्या पोटात काही नाही. जे आहे ते आईसमोर निघत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मला दहा मिनिटं ती एकटी हवी होती."

सव्वीस वर्षांचा हिशोब कंपाउंडरला उभ्याउभ्या लागला. दारातून डोकावून तो म्हणाला, "ताई, मुलीची फाइल सापडत नाही. जरा हात लावता?"

फाइल त्याच्या टेबलावर, चहाच्या कपाखाली होती. त्यावर त्याने वर्तमानपत्र टाकलं. दोघांनी मिळून तीन कपाटं उपसली.

"काय हो काका, इतकी वर्षं इथे करता तरी काय?" आई वैतागली.

"हेच," तो म्हणाला.

पंचवीस मिनिटांनी बाईंनी आईला आत बोलावलं. मुलगी बाहेर येऊन बाकावर बसली. नाक लाल, पण पाय हलवत होती. आत काय बोलणं झालं ते त्याला कळलं नाही. त्याने विचारलंही नाही. पुढे ती दर गुरुवारी यायची. तिसऱ्या गुरुवारी शाळेच्या गणवेशात आली आणि म्हणाली, "काका, माझी फाइल सापडली का हो?"

डॉक्टरबाई गेल्या त्याला आता नऊ वर्षं झाली. आदल्या संध्याकाळी पर्स खांद्याला लावून त्या दारात थांबल्या होत्या.

"उद्या लवकर उघडा. दोन मोठी मुलं आहेत."

"काटा अडकवून ठेवू?"

"ठेवा. आणि फाइलवर चहा सांडू नका."

"नाही, बाई."