धाकट्याचे बूट

आमचे हे पोलिसांकडे ठसे उचलतात. बोटांचे नव्हेत हं, बुटांचे, टायरचे. चिखलात पाऊल उमटलं की त्यात पातळ कालवलेलं प्लास्टर ओतायचं, घट्ट झालं की साचा उचलायचा. लग्न झाल्यापासून हाच उद्योग बघतेय. पाहुणा आला की हा माणूस त्याचं तोंड नाही बघणार, दारातली चप्पल उलटी करून बघणार! "तुमची डावी टाच फार झिजते हो," असं माझ्या मावससासूला सांगितलं, तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं.

गोदामाच्या रखवालदाराला कुणीतरी डोक्यात घाव घालून मारलं, तेव्हाही खिडकीखालचा ठसा यांनीच उचलला. घरी आले ते भरल्या ताटावरून तसेच उठले. मग पोलिसांनी माझ्या धाकट्या भावाला धरलं. रखवालदाराशी त्याचं भांडण झालं होतं, एवढंच कारण. आणि यांनी साहेबांना सांगून टाकलं, मेहुणा आहे, आता या कामात मला घेऊ नका.

मी घर डोक्यावर घेतलं. "अहो, हातपाय गाळून बसलात काय? आई गेल्यावर मी वाढवलंय त्याला! काढा तो साचा, नि दाखवा त्याचा बूट नाही म्हणून!"

"त्याचे बूट सापडलेच नाहीत," हे खाली बघत म्हणाले.

अरे देवा, बूट तर आमच्याच घरी! खून झाला त्याच्या दुसऱ्या सकाळी धाकटा आला होता, चिखलाचे बूट न्हाणीत काढून यांच्या जुन्या चपला अडकवून गेला होता. कायमचाच गबाळा, म्हणून मीच ते घासूनपुसून वाळवले होते. आठवलं आणि जिवात जीव आला. सुटला माझा भाऊ! बूट पिशवीत घातले.

हे दारात आडवे आले. "नेऊ नकोस."

"का?"

यांनी पिशवीचा बंद धरला.

"माझं माहेर एवढं का खुपतं हो तुम्हाला?" मी म्हणाले, आणि पिशवी ओढून घेऊन निघाले.

चौकीत साहेबांनी टेबलावर साचा ठेवला, शेजारी बूट उलटा. तळाची नक्षी एकच.

"असे बूट गावभर घालतात," मी म्हणाले.

"खरंय. म्हणून आम्ही नक्षीवर जात नाही, झीज आणि चिरा बघतो." त्यांनी भिंग घेतलं.

मला भिंग लागलं नाही. टाचेत अर्धगोल काप होता. माझ्या स्वयंपाकघरात बरणी फुटली, तेव्हा धाकट्याचा बूट घातलेला पाय काचेवर पडला होता. तो तुकडा मीच चिमट्याने उपसला होता. साच्यातही तोच काप, त्याच जागी.

"कुणाचे बूट हे, ताई?"

रिकामी पिशवी माझ्याच हातात होती.

"धाकट्याचे," मी म्हणाले.

हे मागोमाग येऊन बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांच्या छातीवर मुठी आपटल्या. "पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तुम्हाला! मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी माझे हात धरले नाहीत.

"सांगितलं असतं तर तू ते बूट शोधून जाळले असतेस," म्हणाले. "आणि मी जाळू दिले असते."