चिंचपाड्याच्या पुढे, एका मृत्युपत्रापायी

मी जुनी डच मृत्युपत्रं वाचते. व्यापारासाठी कोचीनला, सुरतेला येऊन राहिलेल्या डच कुटुंबांची, तीनशे वर्षांपूर्वीची. भाषांतराचं काम आहे, घरी बसून होतं. शेजारच्या सुमित्राला मात्र एवढंच ठाऊक होतं की मला मृत्युपत्रातलं कळतं. ती नाशकात नर्स आहे, माहेर नंदुरबार जिल्ह्यात, चिंचपाड्याच्या पुढे डोंगरात. डिसेंबरात तिचे वडील गेले. जानेवारीत ती म्हणाली, "बाबांनी कागद करून ठेवलाय. भाऊ मानणार नाहीत. तू सोबत ये. बाहेरचं माणूस असलं की आवाज चढत नाही."

इथला कायदा मला येत नाही, हे सांगूनही तिने ऐकलं नाही. निघालो.

नाशिकहून धुळे, तिथून सुरतेकडची एसटी. साक्रीनंतर कोंडाईबारीचा घाट लागतो. ट्रकांच्या मागे अडकलात तर पाऊण तास गेलाच समजा. विसरवाडीला उतरून चहा घेतला. हॉटेलवाल्याने आमच्या पिशव्या पाहून बजावलं, "ताई, त्या रस्ताले पाच वाजानंतर गाडी नई भेटस. आत्तेच निंघा." जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. आम्हाला शेवटची जीप मिळाली, मागच्या बाकावर नऊ जण.

घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, शेजारी पत्र्याचं छोटं चर्च. सुमित्राच्या आईने गरम नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. जेवण झाल्यावर थोरल्या भावाने, रमेशने, हात धुतले. मग म्हणाला, "दाखव."

कागद सुमित्राच्या पर्समध्ये होता. जमिनीचे तीन सारखे हिस्से, दोन मुलं आणि सुमित्रा. आई जिवंत आहे तोवर घर आईचं. खाली वडिलांची सही आणि दोन साक्षीदार. त्यातला एक वारला होता. दुसरा जयंतकाका, समोरच्याच घरात राहणारा.

"बहिणीला जमीन द्यायची आपल्यात रीत नाही," रमेश म्हणाला. धाकटा जमिनीकडे बघत राहिला.

सुमित्राने माझ्याकडे पाहिलं. "सांग ना यांना. ते डच लोक काय करायचे?"

मी सांगितलं. नवरा-बायको मिळून एकच मृत्युपत्र करत. नवरा गेला तरी अर्धं बायकोचंच राही. उरलेल्यात मुलगा-मुलगी सारखे. सुमित्राचा चेहरा उजळला. तिथेच थांबायला हवं होतं, पण मला अर्धं सांगता येईना. त्याच कागदांत गुलामांची नावं असतात, भांडी आणि पलंग यांच्या मधे. एका मृत्युपत्रात एक गुलाम आई मालकाच्या थोरल्या लेकीच्या वाट्याला गेली होती आणि तिचं तान्हं मूल धाकटीच्या.

रमेशने कागद घडी घालून सुमित्राला परत दिला. मग म्हणाला, "हिस्से सारखे, अन् माणसं दुसऱ्याची."



सकाळी आम्ही जयंतकाकांकडे गेलो. म्हातारा उन्हात बसला होता. सुमित्राने कागद पुढे धरला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. "मला आठवत नाही, पोरी. मला इथंच राहायचंय, रमेशच्या दारासमोर."

परत येताना तिने आईला विचारलं, "आई, बाबांनी तुला काही सांगितलं होतं?"

आई मिरच्या निवडत होती. "मला काय माहीत? मला अक्षर येत नाही." थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, "कोर्टात गेलीस तर मला कोण सांभाळेल? मला ह्याच घरात मरू दे, सुमे."

सुमित्रा दुपारभर ओट्यावर बसून होती. मी वकिलाचं नाव काढलं, तर म्हणाली, "गप्प बस. जमीन मिळेल, आई जाईल." संध्याकाळी तिने रमेशला सांगितलं, मी माझा हिस्सा सोडते.

तिसऱ्या दिवशी नवापूर. गावात शिरताना पोल्ट्रीचा वास गाडीत भरतो, रुमाल जवळ ठेवा. कचेरीत हक्कसोडपत्र तयारच होतं, म्हणजे रमेशने ते आधीच करवून घेतलं होतं. कारकुनाने विचारलं, "राजीखुशीने सोडताय ना?" सुमित्रा म्हणाली, "हो." आणि सही केली. नंतर रमेशने सगळ्यांना चहा पाजला, आमच्या पिशव्या बसमध्ये चढवल्या, आणि खिडकीतून बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. तो वाईट माणूस वाटला असता तर लिहिणं सोपं गेलं असतं.

हे सगळं मी तेव्हाच लिहायला घेतलं होतं. शेवट सापडत नव्हता, म्हणून राहिलं.

जुलैत सुमित्राच्या दारात जीप थांबली. धाकटा भाऊ आईला सोडून गेला. रमेश जुनं घर पाडून नवं बांधतोय, आईची तिथे अडचण होते, एवढंच बोलला. पाणीही न पिता निघाला.

आई आता सुमित्राच्या गॅलरीत बसते. परवा सुमित्रा ड्यूटीला गेली होती, मी डबा द्यायला गेले. मी काही विचारलं नव्हतं. म्हातारी आपणच बोलायला लागली.

"त्यांनी कागद लिहिला ना, त्या दिवशी वारा फार होता. कागद उडत होता. मीच दोन्ही हातांनी दाबून धरला होता."

मी हे सुमित्राला अजून सांगितलेलं नाही.