कन्सोल बंद होणार म्हणे!

गेमचा कन्सोल बनवणं कंपनी बंद करणार, असं मोबाइलवर वाचलं आणि मी मोठ्या शहाणपणाने लेकीसाठी दिलेली ऑर्डर रद्द करून टाकली. दहावी झाली की कन्सोल घेऊन देईन, हा शब्दही मीच तिला दिलेला.

"बाबा, ही अफवा दरवर्षी येते हो!" सई रडवेली झाली.

खिडकीतून समोरचं कापडाचं दुकान दिसत होतं. 'दुकान कायमचे बंद, शेवटचे आठ दिवस' ही पाटी तिथे तीन वर्षं लटकतेय. मध्ये त्यांनी ती नव्याने रंगवूनही घेतली. काही संपणार म्हटलं की आपल्याला चटकन पटतं. चालू राहणार, याची बातमी कोण करतो?

बायको म्हणाली, "दहा वर्षं तुम्ही नोकरी सोडणार म्हणताय. मी डबा द्यायची थांबलेय का? करा ती ऑर्डर पुन्हा."